लग्नपत्रिकेत नवरीच्या आईच्या नावाआधी 'गं. भा.' लिहावं, 'श्रीमती' लिहावं की काहीच लिहू नये? (वडील नाहीत)

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की प्रेसवाल्याने न विचारता 'गं. भा.' (गंगाभागीरथी, विधवेच्या नावाआधी लावतात ते) टाकलं, मावशी म्हणते 'श्रीमती' घाला आणि आई म्हणते काहीच नको. सोबत पत्रिकेचा मजकूरही पाठवलाय. मग अडलंय कुठं? नाव आईचं, आईनं सांगितलं, विषय मिटला.

तरी लिहायला बसले, कारण पत्रिकांचं कंपोझिंग हे माझं रोजचं काम आहे आणि तुमच्या प्रेसवाल्याने 'गं. भा.' कुठला विचार करून टाकलं ते मला पक्कं ठाऊक आहे. कुठलाच नाही. त्याच्याकडे गेल्या सीझनची फाईल असते. 'कै. अमुक यांची कन्या' असा मजकूर आला की तसलीच जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची, नावाआधीची अक्षरं तशीच ठेवायची. त्यात तुम्ही मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवलात तर तो युनिकोडमध्ये (मोबाईलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत) असतो, आणि बऱ्याच प्रेसमध्ये काम अजून श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये चालतं. सरळ पेस्ट केलं की चौकोन उमटतात, म्हणून ऑपरेटर सगळं हाताने पुन्हा टाईप करतो. तुम्ही 'श्रीमती' पाठवलेलं असतं, बोटं सवयीनं दुसरंच मारतात. म्हणून प्रूफ वाचताना आधी नावं नका वाचू, नावांच्या आधीची अक्षरं वाचा. नावाची चूक घरातल्या दहा जणांना दिसते, 'सौ.'च्या जागी 'श्रीमती' पडलं तर ते वाटपाच्या दिवशी दिसतं.

आता एका पत्रिकेचं सांगते, म्हणजे हे नावाआधीच्या टिंबांचं प्रकरण किती लांब जातं ते कळेल. नवरीकडची पत्रिका, ५०० प्रती, तांबडं कार्ड, वर सोनेरी फॉइल. मजकूर चुलत्यांच्या अक्षरात आला. 'चि. सौ. कां. अमुक (कै. तमुक यांची कन्या) हिचा शुभविवाह', पुढे नवरदेव, त्याच्या कंसात 'श्री. व सौ.'. नवरीच्या आईचं नाव मुख्य मजकुरात नाहीच. खाली निमंत्रकांमध्ये तीन चुलते, त्यांच्यानंतर चौथ्या ओळीत 'गं. भा.' लावून आई. मुलगी वाढवली तिनं आणि निमंत्रकांत नंबर चौथा. हे नेहमीचंच आहे बरं का. वडील वारले की आईच्या नावाला लागणारी अक्षरं बदलतात एवढंच लोकांना दिसतं, पण ती अक्षरं अडचणीची वाटायला लागली की नावच कंसातून उठून तळाला जातं, हे कोणी बघत नाही.

पहिलं प्रूफ चुलत्यांनी पास केलं. दुसरं प्रूफ बघायला नवरी आईला घेऊन आली. आई म्हणाल्या, "मला कुठंही बसवा, पण ती टिंबं तेवढी काढा." मग मजकूर केला 'कै. तमुक व श्रीमती अमुक यांची कन्या'. त्यावर नवरीच्या आत्याबाईंचा फोन. 'कै.'ला चिकटून 'श्रीमती' आणि बरोबर समोरच्या कंसात नवरदेवाच्या आईला 'सौ.', म्हणजे जे झाकायचं तेच मांडून ठेवलं! आत्याबाई बरोबर बोलत होत्या. पत्रिकेची मांडणी दोन्हीकडे सारखी असते, डावा कंस आणि उजवा कंस शेजारी शेजारी वाचले जातात. एका बाजूचं विशेषण बदललं की दुसऱ्या बाजूचं उघडं पडतं.

शेवटी दोन्ही कंसांतली सगळी विशेषणं काढली. फक्त वारलेल्या वडिलांचं 'कै.' ठेवलं, कारण ते माहिती देतं. नवरदेवाच्या वडिलांची कुरकुर झाली, ते कारखान्याचे संचालक, त्यांना 'मा. श्री.' हवं होतं. त्यांचं पद नावाखाली बारीक टाईपात दुसऱ्या ओळीत दिलं, ते खूश. फॉइलचा ब्लॉक, म्हणजे सोनेरी अक्षरं उमटवायचा ठसा, तोवर तयार झाला होता, तो मात्र नवा करावा लागला.

विशेषण काढलं तर आदर जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा मराठी वाक्य बघावं. आदर आपल्याकडे नावाआधीच्या टिंबांत नाही, सर्वनामात आणि क्रियापदात आहे. 'यांची कन्या', 'यांचे सुपुत्र', 'अगत्य येण्याचे करावे'. नुसतं नाव आणि पुढे 'यांची' एवढ्यानं मान राखला जातो. उलट 'श्रीमती' छापून पुढे 'हिची' केलंत तर ते विशेषण वाया गेलं. 'चि.' आणि 'चि. सौ. कां.'नंतर 'हिचा' आणि 'याच्याशी' चालतं, कारण तिथं मोठ्यांनी लहानांना दिलेला आशीर्वाद आहे. 'श्री.', 'सौ.', 'श्रीमती' आणि 'गं. भा.'नंतर 'यांचा'च. या एका नियमात निम्म्या पत्रिका चुकतात आणि त्यावर कोणाची मावशी रुसलेली मी बघितली नाही.

तुमच्या मावशी 'श्रीमती' म्हणतात ते सरकारी कागदाच्या हिशोबानं योग्य आहे. लग्न झालंय की नाही, नवरा आहे की नाही हे न विचारता कोणत्याही बाईला लावायचं ते 'श्रीमती'. हिंदीत तर तो सरळ विवाहितेचा मान आहे. आपल्या गावात मात्र पत्रिकेवर 'श्रीमती' वाचलं की लोक मनात 'विधवा' असं वाचतात, आणि नवरा हयात असलेल्या बाईला ते लावलं तर घरात रडारड होते. शब्द तोच, अर्थ कागदागणिक बदलतो. म्हणून 'श्रीमती' वापरायचं तर दोन्हीकडच्या सगळ्या बायकांना वापरा, नवरदेवाच्या आईलासुद्धा. तेवढी हिंमत नसेल तर कोणालाच काही लावू नका. अर्धवट केलंत तर त्या आत्याबाईंसारखा फोन तुम्हालाही येईल.

'गं. भा.'बद्दल माझं मत सरळ आहे: जिनं मागितलं नाही तिला लावू नये. गंगाभागीरथी म्हणजे गंगेसारखी पवित्र, हे मला माहीत आहे, दर वेळी कोणीतरी समजावून सांगतं. पवित्र असेल, पण नवरा गेल्यावरच का मिळतं ते? आणि बायको गेलेल्या माणसाला का नाही? त्याचं 'श्री.' आधीही 'श्री.' आणि नंतरही 'श्री.'. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव तयार करायला खात्याला पत्र लिहिलं होतं. टीका झाली तसा, निर्णय झालेला नाही, ते चर्चेपुरतं होतं असा खुलासा आला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, आमच्या बाजूच्या, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला होता आणि सरकारनंच बाकी गावांना तो कित्ता गिरवायला सांगितला होता. कपाळावरचं कुंकू पुसायचं नाही आणि कार्डावरचं 'सौ.' मात्र पुसायचं, असा हा प्रकार.

बरं, दुसरी वाट नाही असंही नाही. बौद्ध घरांच्या पत्रिका आम्ही छापतो, त्यात पुरुषाला 'आयुष्मान', बाईला 'आयुष्मती'. नवरा आहे का गेला याची चौकशी त्या शब्दात नाहीच. वारलेल्यांना 'कालकथित'. लिंगायतांकडे 'लिंगैक्य', वारकऱ्यांकडे 'वै.' म्हणजे वैकुंठवासी. 'कै.' सगळ्यांना सरसकट ठोकू नका, तेही विचारून घ्या.

विचारून घ्या म्हणते, तिथंच आमच्या शेठचं आणि माझं जुनं भांडण आहे. शेठ म्हणायचे, आपण हमाल, पाटीत काय आहे ते बघायचं नाही, गिऱ्हाईक लिहून देईल ते छापायचं. ऐकायला छान आहे. पण गिऱ्हाइकानं 'आशिर्वाद' लिहिला तर शेठ स्वतःहून 'आशीर्वाद' करायचे. ओळ मोठी झाली तर न विचारता दोन चुलते एका ओळीत बसवायचे. 'पद्मश्री' नावाआधी लावू नये, सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय की हे पुरस्कार नावाला जोडायची पदवी नाही, हे ते एका गिऱ्हाइकाला ऐटीत ऐकवायचे. मग हमाल कुठं राहिलो? बाईच्या नावापाशी आलं की तेवढ्यापुरती हमाली आठवते. गिऱ्हाइकानं एक शब्द लिहून दिला नव्हता तिथंही जुन्या फाईलमधून 'गं. भा.' आणून चिकटवणारे हेच.

तुमच्या कामाचं थोडं राहिलं. फॉइल असेल तर ब्लॉक करायच्या आधी मजकूर पास करा, नंतर एक टिंब काढायचं तरी पूर्ण ब्लॉकचे पैसे पडतात. छापून झाल्यावर चूक दिसली तर वर पट्टी चिकटवू नका, लोक ती नखानं उचलून खाली काय होतं ते वाचतात. विशेषण ठेवणार असाल तर ते आणि नाव एकाच ओळीत राहिलं पाहिजे, 'श्रीमती' ओळीच्या टोकाला आणि नाव खालच्या ओळीत असं नको. वर्डमध्ये टाईप करून देत असाल तर मधली जागा कंट्रोल-शिफ्ट-स्पेसनं सोडा, ओळ तिथं तुटत नाही. विवाह नोंदणीला पत्रिका जोडावी लागते, म्हणून नवरा-नवरीची नावं आधारवर आहेत तशीच हवीत, घरचं लाडाचं नाव कंसात. आणि पॅन किंवा पासपोर्टच्या अर्जात नावाच्या रकान्यात 'श्रीमती', 'डॉ.' यातलं काही घुसवू नका, नंतर नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घालावे लागतात.

पाकिटांवर 'श्री. व सौ.' सरसकट छापून घेऊ नका. ज्या घरात एकटी बाई आहे तिथं ते पाकीट हातात देताना तुमचीच पंचाईत होईल. नुसतं 'प्रति,' छापा, नाव हातानं लिहा.

एक कबूल करते. काही आज्या स्वतः सांगतात, 'गं. भा.' लिही, मला तसंच आवडतं. त्यांचं मी मुकाट्यानं छापते, अगदी अनुस्वारासकट. तुमच्या आईनं 'काहीच नको' म्हटलंय, तर तेच छापून घ्या, पण आधी त्यांना हे विचारा की कंसात वडिलांच्या नावाशेजारी त्यांचं नाव हवं का. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात ते तिथं नाही, आणि तुमच्या प्रश्नातही नाही. प्रूफ त्यांच्या मोबाईलवर पाठवा, काकांच्या नको.