९ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट दिले तरी ५५५ या टायमर आयसीवरचा एलईडी त्याच वेगाने का लुकलुकतो? आयसीच्या आत घड्याळ असतं का?

घड्याळ नसतं. ५५५ ला वेळ कळतच नाही, त्याला फक्त दोन खुणा कळतात. वेळ काढतो तो तुम्ही बाहेरून लावलेला कपॅसिटर.

आयसीच्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर ओळीने असतात. त्यामुळे सप्लायचे तीन सारखे भाग पडतात. ९ व्होल्टवर खुणा ३ आणि ६ ला. कपॅसिटर चार्ज होत वरच्या खुणेला पोचला की एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा भाग) फ्लिपफ्लॉप (दोनपैकी एक स्थिती धरून ठेवणारा स्विच) पलटवतो, आउटपुट लो होतं आणि पिन ७ चा ट्रान्झिस्टर कपॅसिटर रिकामा करू लागतो. खालच्या खुणेला उतरला की दुसरा कंपॅरेटर सगळं उलट फिरवतो. झालं ऑसिलेशन!

५ व्होल्टवर खुणा खाली येतात हे खरं, पण चार्ज करणारा जोरही त्याच प्रमाणात उतरतो. म्हणून एलईडी मंद दिसेल, वेग तोच राहील. १९७१ मध्ये हान्स कॅमेन्झिंड यांनी सिग्नेटिक्ससाठी हा आयसी आखला, त्यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती हीच.

वेळ = ०.६९३ × रेझिस्टर × कपॅसिटर, या सूत्रातला ०.६९३ पाठ करू नका. चार्ज होताना कपॅसिटरचं सप्लायपासूनचं अंतर दोन-तृतीयांशावरून एक-तृतीयांशावर येतं, म्हणजे निम्मं होतं, आणि २ चा नॅचरल लॉग ०.६९३. मोनोस्टेबलमध्ये, म्हणजे ट्रिगर दिल्यावर एकच पल्स हवा असतो तेव्हा, कपॅसिटर शून्यापासून निघतो. अंतर तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणून तिथे ३ चा लॉग, १.१.

सप्लाय ते पिन ७ मधला रेझिस्टर आर१ १० के (किलोओहम), पिन ७ ते कपॅसिटर मधला आर२ ६८ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड घ्या. चार्ज दोन्ही रेझिस्टरमधून होतो, डिस्चार्ज फक्त आर२ मधून. म्हणून एलईडी ०.५४ सेकंद चालू, ०.४७ सेकंद बंद. कागदावर, हं! पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा २० टक्के इकडेतिकडे असला तर दुकानदाराशी भांडू नका, त्यांचा टॉलरन्सच तेवढा असतो.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. कॉलेजात असताना गणपतीच्या मखरासाठी ५५५ आणि ४०१७ हा काउंटर आयसी घेऊन रनिंग लाइट केले होते. वेग बदलता यावा म्हणून आर१ च्या जागी नुसता पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला. आरतीच्या आधी धाकट्या भावाने तो शून्यापर्यंत फिरवला. पिन ७ थेट सप्लायला जोडली गेली, आतला ट्रान्झिस्टर चालू झाल्याबरोबर सगळा करंट त्याच्यातून गेला आणि कापराआधी आयसीचा वास आला. पॉट आर२ च्या जागी लावा, आणि त्याच्या सिरीजमध्ये निदान १ के ठेवाच.