घरफोडी आणि चोरीच्या गुन्ह्यात किती शिक्षा होणार, हे चोरलेल्या मालाच्या किमतीवरच ठरतं का?

नाही, फक्त किमतीवर नाही. साध्या चोरीत किमतीला वजन असतं हे खरं, पण घरफोडीत न्यायालय आधी बघतं ते आरोपी आत कसा शिरला, कधी शिरला आणि आत कोण होतं. भरदिवसा बंद गोदामाचं कुलूप तोडणं वेगळं, आणि रात्री माणसं झोपलेली असताना खिडकीचे गज कापून आत येणं वेगळं, मग हाती एक मोबाइलच का लागेना! जवळ हत्यार असेल, कुणाला धमकावलं किंवा मारलं असेल, तर प्रकरण जबरी चोरीच्या कलमात जाऊ शकतं आणि शिक्षा कितीतरी वाढते.

आधीची दोषसिद्धी फार जड जाते. नोकराने मालकाकडेच केलेली चोरीही, कारण त्यात विश्वासघात असतो.

उलट कमी वय, पहिलाच गुन्हा, टोळीतली दुय्यम भूमिका, माल परत करणं, लवकर दिलेली कबुली यांमुळे शिक्षा सौम्य होऊ शकते. निकालाआधी कोठडीत काढलेले दिवसही बहुतेक ठिकाणी वजा होतात. मात्र कबुली द्यायची की नाही, हे कृपा करून वकिलाशी बोलल्याशिवाय ठरवू नका. घाबरून, घाईत केलेली सही नंतर मागे घेणं फार अवघड असतं.