घंगाळ परत, तडकलेली अधोली मात्र ठेवली!

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या जुन्या वाड्याची वाटणी झाली आणि वाडा उतरवायचं ठरलं. माळ्यावरचं सामान भावकीत कुणालाच नको होतं, म्हणून टेम्पो करून तालुक्याच्या संग्रहालयात नेलं. त्यांनी तांब्याचं घंगाळ, पाच समया, अडकित्ते आणि दिवाणखान्यातली काळविटाची शिंगं परत पाठवली. ठेवून घेतलं काय, तर तडा गेलेली लाकडी अधोली, म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप, आणि मोडीतली एक वही. बलुत्याच्या धान्याचा हिशेब आहे म्हणे तिच्यात. सासूबाई (वय ८४) रुसल्या आहेत. घंगाळ तर मी चिंचेने घासून लख्ख करून नेलं होतं! हे लोक निवडतात तरी कसं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, सासूबाईंना सांगा, राग रास्त आहे. एका लहान संग्रहालयात मी सव्वीस वर्षं अभिरक्षक होतो. दर उन्हाळ्यात, वाडे उतरवायच्या दिवसांत, असे रुसवे वाट्याला यायचेच.

पण अधोली आणि वही ही जोडी मीसुद्धा डोळे झाकून घेतली असती. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापं आली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत शेर-पायली बाजारातून उठली. सुटी मापं तशी जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. पण हे माप या घरचं, आणि सुताराला, लोहाराला, कुंभाराला सुगीत किती धान्य घातलं ते याच घरच्या वहीत लिहिलेलं, असं क्वचित हाती लागतं. पुन्हा गेलात तर अधोलीचा काठ निरखून बघा. एका अंगाने जास्त झिजलेला असेल, तर धान्य सपाट करणारा हात पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंगाने फिरलाय. तड्याचं काय एवढं!

घंगाळं मात्र सगळ्यांकडेच असतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा संग्रह २०,००० वस्तूंच्या वर आहे आणि त्यातल्या मांडलेल्या सुमारे २,५०० च. तिथे ही गत, तर तालुक्याच्या दोन खोल्यांत काय होणार? घेतलेली वस्तू म्हणजे घरात आणलेली सून, परत पाठवता येत नाही. तळाला वॉर्निशचा पातळ हात, तो वाळला की बारीक कुंचल्याने दाखल क्रमांक, वर पुन्हा एक हात; मग नोंदवहीत माप, वजन, कुणाची, कुठली, कशाला वापरत. ‘जुनी आहे, आजोबांच्या वेळची’ एवढंच देणाऱ्याला ठाऊक असेल तर रकाने रिकामे राहतात. तुमच्या समयांचं बहुधा तेच झालं असणार.

आणि चिंच! अहो, तांब्यावर वर्षानुवर्षं धरलेला काळसर थर चिंच दहा मिनिटांत उतरवते, आणि घासता घासता कडेला कोरलेलं नावही बोथट होतं. संग्रहालयाला द्यायची वस्तू कोरड्या फडक्याने पुसा. बस्स.

शिंगांचा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र नसेल, तर ती घरातही ठेवता येत नाहीत. टेम्पोत घालून फिरवू नका, कुणाला भेट देऊ नका, आधी वनखात्याच्या कचेरीत जा.

तुम्ही वाटणी झाल्याचं लिहिलंत म्हणून विचारतो : दानपत्रावर सह्या कुणाकुणाच्या आहेत? एकदा एका गृहस्थाने पालखीचा दांडा आणून दिला, मी खुशीत घेतला. नऊ वर्षांनी चुलत पुतण्या दारात हजर, ‘आमचा दांडा द्या, यात्रेला हवाय.’ दानपत्रावर काकांची एकट्याची सही. काका तोवर वारलेले. पुढची तीन वर्षं दांडा कोठारात आणि मी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर. तेव्हापासून सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय मी वस्तूला हात लावला नाही. तुमच्या दिरांच्या सह्या राहिल्या असतील तर आत्ताच घ्या, आणि दानपत्राची प्रत व पोच मागून ठेवा. ‘आमच्या नावाची पाटी लावून कायम दर्शनी मांडा’ अशी अट मात्र घालू नका. ती कुणी पाळू शकत नाही.

घंगाळ घरीच वापरा, नातवंडांच्या लग्नात हळदीच्या न्हाणाला काढा. आणि सासूबाईंचा रुसवा काढायला माझ्याकडे एक काम आहे. त्यांना विचारा, ही अधोली शीग लावून भरायची की सपाट? बलुतेदाराला एक रीत आणि घरच्या कोठीला दुसरी, असं होतं का? मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत, तसं त्यांच्या घरी म्हणायचे का? आणि माप धरायचं कुणी? त्या बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, खाली तारीख घाला आणि संग्रहालयात नेऊन द्या. अधोलीच्या नोंदीत तो रकाना अजून कोराच असेल.