ग्राहकांचे गट पाडून माल विकणं ही फसवणूक नाही का?

तुम्ही एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहात आणि सेगमेंटेशन (गिऱ्हाइकांचे गट पाडणं), टार्गेट मार्केटिंग (त्यातला एखादा गट हेरून त्याला माल विकणं) यांचे फायदे काय आणि ते नैतिक आहे का, असं विचारलंय. व्याख्या तुमच्या पुस्तकात आहेत, त्या सोडतो. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंय, 'एक-दोन रुपयांच्या पुड्या काढून कंपन्या गरिबांनाच लुटतात.' त्या वाक्यासाठी लिहायला बसलोय. ते मी माझ्या दाजींच्या तोंडून घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ऐकलंय. दाजी पुण्याला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. मी बरीच वर्षं डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन होतो. दहिवडी, म्हसवड आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या ही माझी लाइन, म्हणजे दुकानं फिरून माल द्यायचा माझा ठरलेला भाग.

हा सगळा साताऱ्यातला माण तालुका, दुष्काळी. मजुरी हातात पडते ती आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी, आणि तेल-मीठ, डाळ, पोराचं औषध घेऊन झालं की बाईच्या कनवटीला दहा-वीस रुपये राहतात. तिला शॅम्पूची बाटली दाखवणं म्हणजे दुकानातून परत पाठवणं. दुकानाच्या दारात लटकणारी पुड्यांची माळ तिच्यासाठी आली. त्यातली एक टर्रकन तोडून घ्यायची, रुपया ठेवायचा आणि निघायचं. वहीत उधारी नाही, कुणापुढं मिंधेपणा नाही.

ही कल्पना कुठल्या मोठ्या कंपनीच्या मुंबईतल्या हापिसात जन्मली नाही. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन हे छोटे उद्योजक. पैसेवाले वापरतात ती वस्तू हातावर पोट असणाऱ्यालाही घेता यावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 साली 15,000 रुपयांवर चिक शॅम्पूचा धंदा उभा केला आणि पुढं 50 पैशांची पुडी बाजारात आणली. तीच कंपनी आज केविनकेअर. बड्या कंपन्या नंतर याच वाटेनं आल्या. ज्या गिऱ्हाइकाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याला वेगळा गट म्हणून मोजलं, हा सेगमेंटेशनचा सगळ्यात मोठा फायदा. परीक्षेत हाच लिहा.

आता लुटीचं बोलू. दाजींचा सिद्धांत असा की लहान पाकीट नेहमी महाग पडतं, म्हणून गरीब माणूस जास्त पैसे मोजतो. एकदा त्यांच्यासमोरच मी हिशेब मांडला. रुपयाच्या पुडीत 6 मिली शॅम्पू. म्हणजे 100 मिलीला साधारण 17 रुपये. त्याच शॅम्पूची 175 मिलीची बाटली तेव्हा 90 रुपयांच्या घरात होती, म्हणजे 100 मिलीला 51 रुपये. तिप्पट! कारण उघड आहे. पुडीचं गिऱ्हाईक रुपयाचं नाणं घेऊन येतं, सव्वा रुपया कुणी देत नाही, आणि शेजारीच दुसऱ्या कंपनीची माळ लटकलेली असते. भाव वाढवायला जागाच नाही. बाटलीवाला मात्र भाव बघत नाही, बाथरूममध्ये बाटली दिसायला बरी असते म्हणून घेतो. म्हणजे जास्त पैसे मोजत होते दाजी. ते 'अपवाद आहे' म्हणाले आणि जेवायला उठले.

पण ही पुडी वाईट कामालाही येते, आणि ते मी जवळून पाहिलंय. एका कंपनीनं (नाव घेत नाही) पोरांना दुधातून द्यायच्या पावडरीच्या पुड्या आमच्या लाइनवर उतरवल्या. चव चॉकलेटची, आत बरीचशी साखर. एरिया ऑफिसरचा आदेश असा की झेडपीच्या शाळेजवळची दुकानं आधी धरायची आणि पोरांना घ्यायला येणाऱ्या आयांना 'पोराची वाढ खुंटलीय' असं बोलायचं. दुकानदाराला त्या विक्रीवर स्कीम, म्हणजे वरचा फायदा, होता. एका वस्तीवर एक बाई माळेला हात लावून मला म्हणाली, "दादा, ह्यानं अंगाला लागंल का वो? मास्तर म्हनत्यात लई बारीक हाय." तिच्या घरात दोन शेळ्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, शेळीचं दूध डेअरीला घालू नका, त्याला पाजा. शेंगदाणे-गूळ द्या. हे नको." ऑफिसर गाडीत बसून ऐकत होता. गाडीतच आमचं वाजलं. गिऱ्हाईक सज्ञान आहे, तू कोण ठरवणार, असं त्याचं म्हणणं. मी ती माळ त्या लाइनवर लावली नाही आणि पुढं ती लाइनच माझ्याकडून काढून घेतली.

आता सांगा, दोन्ही वेळेला गाव तेच, बाई तीच, रुपयाही तोच. गट पाडणं हा गुन्हा असता तर दोन्ही सारखंच वाईट ठरलं असतं. शॅम्पूवाल्यानं तिचा खिसा बघून माप लहान केलं. पावडरवाल्यानं तिची भीती हेरली, आणि वरून ती भीती वाढवायला माणसं नेमली. माझ्या मते नैतिकतेचा अख्खा धडा एवढाच आहे. कायदाही उशिरा का होईना तिकडंच वळला. 2022 च्या जाहिरातींबाबतच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, ही वस्तू खाल्ल्यानं बुद्धी किंवा ताकद वाढते असे दावे मुलांसाठीच्या जाहिरातीत ठोस पुराव्याशिवाय करता येत नाहीत. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई केली. एप्रिल 2024 मध्ये सरकारनं ऑनलाइन दुकानदारांना सांगितलं की असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका. तो ऑफिसर आता कुठं असेल ठाऊक नाही, पण त्यानं हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

शॅम्पूचा हिशेब सगळीकडं चालवू नका, हेही सांगायला हवं. खाद्यतेल, तूप, चहा यांची लहान पाकिटं बऱ्याचदा खरोखर महाग पडतात, तिथं दाजींचं बरोबर आहे. आणि पुड्यांचा कचरा हा खरा प्रश्न आहे. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, भंगारवाला ते घेत नाही. आमच्या ओढ्याच्या काठाला पावसाळ्यानंतर पुड्याच पुड्या अडकलेल्या दिसतात. त्याचा खर्च कंपनीकडून वसूल करा, कायद्यात ती जबाबदारी उत्पादकावर टाकलेलीच आहे. पण त्या नावाखाली पुडीच बंद करा म्हणणाऱ्यांनी, दाजींनीसुद्धा, बाजाराच्या दिवशी माझ्याबरोबर म्हसवडच्या एखाद्या दुकानाच्या फळीवर तासभर बसावं आणि मग त्या बायकांना समोरासमोर सांगावं की उद्यापासून बाटलीच घ्या.