नऊच्या नऊ बदलायचे का?

प्रश्न : आमची पतसंस्था आहे, तालुक्याच्या गावी, एकच शाखा. एकूण नऊ कॉम्प्युटर. पाच २०१४ चे (आय३, ४ जीबी रॅम), तीन २०१९ चे आणि एक चेअरमनसाहेबांच्या केबिनमधला नवा. जुने पाच सकाळी चालू करून चहा घेऊन आलं तरी सुरूच होत असतात. हार्डवेअरवाला म्हणतो विंडोज १० बंद झालं, नऊच्या नऊ बदला, मार्चएंडच्या आत घेतलेत तर घसाराही मिळेल. आमचे अकाउंटंट म्हणतात नुसती एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क) टाका, पळायला लागतील. पुढच्या मीटिंगला संचालकांपुढे विषय मांडायचाय, काय सांगू? (एका जुन्या मशीनवर विंडोजच्याही आधीच्या डॉस सिस्टिमचं सॉफ्टवेअर आणि पासबुक प्रिंटर अजून चालू आहे.)
– व्यवस्थापक, सांगली जिल्हा

उत्तर : कंसातलं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलंय, खरं तर घोडं तिथेच अडणार आहे. त्यावर येतोच.

आधी हार्डवेअरवाला आणि अकाउंटंट. दोघंही खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या दुखण्याबद्दल. मशीन रांगतंय हे एक दुखणं, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून सपोर्ट थांबवला हे दुसरं. 'बंद झालं' म्हणजे कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही, पण सिक्युरिटीचे अपडेट येत नाहीत, आणि जिथे लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे तिथे असं मशीन नेटला जोडून ठेवणं मला तरी पटत नाही. एसएसडीने रांगणं जाईल, हे दुसरं दुखणं तसंच राहील.

रांगण्याचं कारण स्वतः बघून घ्या, फुकट आहे. सकाळी मशीन चालू केल्या केल्या कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात डिस्कच्या रकान्याखाली १००% दिसत असेल आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर आरामात बसला असेल तर दोष हार्ड डिस्कचा. फिरत्या डिस्कला शंभर ठिकाणच्या छोट्या छोट्या फाइली गोळा करायला सुई इकडून तिकडे न्यावी लागते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. म्हणून दहा वर्षांचं मशीनसुद्धा एसएसडी टाकल्यावर ओळखू येत नाही, अकाउंटंटना एवढे मार्क द्यायलाच हवेत.

आता दुसरं दुखणं. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय. पिढी ओळखायची कशी, तर 'धिस पीसी' वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे प्रोसेसरचा नंबर येतो. आय३-४१३० असेल तर चौथी, आय३-८१०० असेल तर आठवी, आय५-१०४०० असेल तर दहावी. २०१९ ला घेतलाय म्हणजे आठवीच असेल असं धरून चालू नका हं, पडून राहिलेला सातवीचा माल त्या काळात गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेला मी पाहिलाय. तिन्ही मशीनचे नंबर वहीत लिहून घ्या आणि मगच मीटिंगला जा.

आठवी निघाली तर त्या तिघांना हात लावायचं कारणच नाही. टीपीएम नाही असं स्क्रीनवर आलं तरी घाबरू नका, बऱ्याचदा ते बोर्डात असतं पण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेलं असतं, इंटेलवाल्यांत पीटीटी आणि एएमडीवाल्यांत एफटीपीएम या नावाने, चालू केलं की झालं. मूळ विंडोज १० अस्सल असेल तर ११ चा अपग्रेड फुकट आहे. त्यात एसएसडी नसेल तर टाका, रॅम ४ असेल तर ८ करा (२०२५ च्या शेवटापासून रॅम महागलीय, त्यामुळे १६ चा हट्ट नको, तुमच्या काउंटरच्या कामाला ८ पुरते). हे सगळं बॅकअप घेऊनच, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

पाच जुन्यांचं मात्र अवघड आहे. २०१४ चा आय३ म्हणजे फार तर चौथी पिढी. युट्यूबवर बघून जबरदस्तीने ११ टाकणारे आहेत, घरच्या मशीनवर करा हौस म्हणून, पतसंस्थेत नको. पैसे भरून आणखी अपडेट घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवलीय, पण ऑफिससाठी पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. अकरा-बारा वर्षांच्या डब्यावर हा खर्च म्हणजे म्हशीपेक्षा रेडकू जड. घरगुती वापरासाठी फुकटात मिळणारी सवलत आहे ती ऑफिसला लागू नाही, कोणी सांगितलं तरी ऐकू नका.

म्हणजे पाचच्या पाच नवे? नाही, चार. पाचवा तुमच्या कंसातला.

विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचं सॉफ्टवेअर थेट चालत नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती म्हणून तुमचं आजवर निभावलं. वर प्रिंटरचं वेगळंच, जुन्या पासबुक प्रिंटरची जाड २५ पिनांची केबल लावायला नव्या मशीनला मागे जागाच नसते. मी स्वतः एका ओळखीच्या दुकानात हे करून बसलोय. नवीन मशीन टेबलावर, हार वगैरे घातलेला, केबल माझ्या हातात आणि मालक माझ्या तोंडाकडे बघतायत. मग धावत जाऊन यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं, विंडोजला प्रिंटर दिसला, पण डॉसचं सॉफ्टवेअर एलपीटी१ (म्हणजे तीच २५ पिनांची जुनी जागा) शोधत राहिलं ते राहिलंच, संध्याकाळी जुनं मशीन परत जोडून दिलं.

तर ते एक मशीन आहे तसं ठेवा. त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करून घ्या, जुनी डिस्क कपाटात, नेटची केबल काढून टाका, बॅकअप रोज एका वेगळ्या डिस्कवर, आणि बोर्डावरचा बटण सेल (सीआर२०३२) आत्ताच बदला, तो मेला की तारीख मागे जाते आणि व्याजाचा घोळ तुम्हाला निस्तरावा लागेल. पण ही तात्पुरती सोय आहे. ते सॉफ्टवेअर बदलायचा ठराव त्याच मीटिंगला वेगळा मांडा, कॉम्प्युटरच्या खर्चात मिसळू नका.

घसाऱ्याचं म्हणाल तर कॉम्प्युटरवर आयकरात ४०% मिळतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच, म्हणजे मार्चमध्ये घेतलात तर २०%. आणि सभासदांना कर्ज देऊन होणाऱ्या नफ्यावर पतसंस्थेला तशीही वजावट असते, तर या आमिषाचा तुम्हाला कितीसा उपयोग, सीएंना विचारून बघा. उलट कोटेशनमध्ये खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असेल तो १८% धरूनच आकडा मांडा, कारण कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही, त्यामुळे त्याचं क्रेडिट तुम्हाला जवळपास मिळतच नाही.

आणि जुनी चार मशीन भंगारात घालायच्या आधी डिस्क काढून घ्या. फॉरमॅट मारला म्हणजे डेटा गेला असं नसतं, ड्रिलने भोक पाडा. बाकीचा सांगाडा अधिकृत ई-कचरावाल्याकडे द्या आणि पावती घ्या, ऑडिटरला दाखवायला लागते.

प्रश्न : माझं लग्नपत्रिका छपाईचं दुकान आहे. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि जुने मराठी फॉन्ट विंडोज ७ वर चालतात. बदलू का?
– सोलापूर

उत्तर : चालतंय ना, मग राहू द्या. पेजमेकर ७ हे २००१ चं सॉफ्टवेअर, त्याला नव्या मशीनचा काही फायदा नाही. फक्त त्यावर मेल, व्हॉट्सॲप, गिऱ्हाइकाचे पेनड्राइव्ह काही नको. त्यासाठी दुसरं एखादं साधं मशीन ठेवा.

प्रश्न : रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला) आय५ अगदी स्वस्तात मिळतोय, क्लाससाठी सहा घेऊ का?
– नाशिक

उत्तर : नंबर विचारा आधी. कंपन्यांनी काढलेली सहाव्या-सातव्या पिढीची मशीन बाजारात ढिगाने आलीत, ती स्वस्त का आहेत ते वरचं उत्तर वाचलंत तर कळेल. आठवीच्या पुढची असतील, एसएसडी असेल आणि दुकानदार वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून देत असेल तर खुशाल घ्या. तोंडी वॉरंटीवर एकही घेऊ नका.