दांभिक नव्हे, अवडंबर; आणि तेही कशाचे ते सांगावे

सोलापूरच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न आला आहे. तो लिहितो, "सर, मी आणि पूर्व भागातला माझा मित्र, आम्ही दोघे आंद्रे थ्री थाउजंड या अमेरिकी रॅपरच्या 'न्यू ब्लू सन' या अल्बमवरून सात रस्ता चौकात चहा पिताना रोज भांडतो. तो म्हणतो, 'काय बे, रॅपर असून बासरी फुंकत बसलाय, सगळा दांभिकपणा आहे.' मला तो अल्बम मनापासून आवडतो. पण ते बाजूला ठेवले, तरी मित्राला जे म्हणायचे आहे त्यासाठी 'दांभिक' हा शब्द बरोबर आहे का? 'प्रिटेन्शस'ला मराठीत नेमके काय म्हणावे?"

बरोबर नाही. हा चुकीचा वापर अलीकडे इतक्या वेळा कानांवर पडतो की त्याबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. कविता कळली नाही की ती दांभिक, नाटक लांबले की ते दांभिक, चित्रपटात पाच मिनिटे कोणी बोलले नाही की दिग्दर्शक दांभिक! दंभ हा दोष याहून फार गंभीर आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासूनच सुरू होते आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ 'धर्मध्वजित्व' असा एका शब्दात दिला आहे. धर्माचा झेंडा खांद्यावर मिरवायचा आणि आचरण मात्र वेगळे ठेवायचे, हा दंभ होय. त्यात फसवणूक असावीच लागते. गल्लीतल्या उपासमारीवर आर्त ओळी रचणारा रॅपर स्वतः कधी उपाशी राहिलेला नसेल आणि ते लपवत असेल, तर त्याला खुशाल दांभिक म्हणावे. 'न्यू ब्लू सन'च्या वेष्टनावर मात्र यात रॅपच्या ओळी नाहीत, असा इशाराच छापलेला होता. पेटीत काय नाही हे जो पेटीवरच लिहून देतो, त्याच्यावर दंभाचा आरोप टिकत नाही.

'ढोंगी', 'नाटकी', 'दिखाऊ' हे शब्द सर्वांना ठाऊक आहेत, त्यांवर जागा खर्च करत नाही. 'मोठा आव आणलाय' हा बोलण्यातला प्रयोग चांगला आहे आणि चहाच्या टपरीवर तो पुरेल. पण तुमच्या मित्राच्या मनात जे आहे, म्हणजे आशयापेक्षा मांडणीचाच पसारा मोठा होणे, त्यासाठी मराठीत एक भारदस्त शब्द आहे आणि त्याची कुळकथा तर संगीतातलीच आहे. तो शब्द म्हणजे अवडंबर.

संस्कृतात 'आडम्बर' हे मुळात एका वाद्याचे, ढोलाच्या जातीच्या चर्मवाद्याचे नाव होते. शुक्ल यजुर्वेदाच्या तिसाव्या अध्यायात कोणत्या देवतेला कोणता माणूस अर्पण करावा याची लांबलचक यादी आहे. तिच्यात 'शब्दायाडम्बराघातम्' असे येते, म्हणजे शब्दासाठी, नादासाठी, आडंबर बडवणारा; आणि लगेच पुढे महत्तेसाठी वीणावादक येतो. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या काळापर्यंत वाद्य मागे पडून त्याचा आवाज तेवढा उरलेला दिसतो. 'आडम्बरस्तूर्यरवे गजेन्द्राणां च गर्जिते' या ओळीत वाद्यांचा घोष आणि हत्तींची गर्जना असे दोन अर्थ दिले आहेत. वाद्यापासून आवाज, आवाजापासून गाजावाजा आणि गाजावाजापासून पोकळ थाट असा हा प्रवास आहे.

हा अर्थ असा का सरकला, हे सोलापूरकराला समजावून सांगावे लागू नये. संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा बाळीवेशीत उभे राहून पाहावे. काठ्या नजरेच्या टप्प्यात येण्याच्या बऱ्याच आधी हलगीचा कडकडाट गल्ल्या ओलांडून येतो आणि माणसे टाचा उंच करून तिकडे पाहू लागतात. लहानपणी मी हलगीवाल्यांना रस्त्याच्या कडेला कागद पेटवून त्यावर हलगी शेकताना पाहत असे. चामडे तापून ताणले गेले की ते त्यावर बोटाने टिचकी मारून पाहत, आवाज बसका वाटला की पुन्हा जाळावर धरत आणि टणत्कार निघाला की उठून चालू लागत. वस्तू येण्याआधी येणारा तिचा आवाज, तो आडंबर. नंदीध्वजांच्या बाबतीत आवाजामागून खरोखरच नंदीध्वज येतात, म्हणून तिथे कोणी अवडंबर म्हणत नाही. आवाजामागून काहीच आले नाही, म्हणजे हा शब्द शिवी होतो.

या शब्दाने वाङ्मयाच्या टीकेतही फार पूर्वी जागा मिळवली आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाने 'हर्षचरिता'च्या आरंभी प्रांतोप्रांतीच्या कवींच्या खोडी सांगितल्या आहेत. उत्तरेकडील कवींना श्लेषाचा सोस, पश्चिमेकडच्यांना नुसत्या अर्थाशी काम, दाक्षिणात्यांना उत्प्रेक्षेची हौस आणि 'गौडेष्वक्षरडम्बरः', म्हणजे गौड देशीयांच्या, बंगालकडच्या कवींच्या, रचनेत अक्षरांचा दणदणाट. यमकांवर यमके रचत जाणाऱ्या आणि अर्थाला श्वास घेऊ न देणाऱ्या रॅपचे याहून नेमके वर्णन मला अजून आढळलेले नाही.

आता मराठीतल्या 'व'कडे वळतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. सोलापुरात हा शब्द तीन भाषांत ऐकू येतो. कन्नड माणूस 'आडंबर' म्हणतो, तुमचा मित्र तेलुगू भाषकांच्या पूर्व भागातला, त्याच्या घरी 'आडंबरम्' म्हणत असतील, हिंदीतही 'आडंबर'च आहे. हा 'व' आपल्या मराठीने आणला कुठून? माझ्या परिचयातील एक निवृत्त संस्कृत शिक्षक ठामपणे सांगतात की हा 'अव' उपसर्ग आहे आणि 'अव' अधिक 'डंबर' अशी फोड करावी. मला ही व्युत्पत्ती साफ अमान्य आहे. 'अव' हा खाली नेणारा उपसर्ग आहे. अवनती, अवतरण, अवपात या शब्दांत तो उतरतो, घटतो, पडतो. फुगवट्याचा अर्थ असलेल्या शब्दाला खाली ओढणारा उपसर्ग कोणी कशासाठी लावेल? शिवाय 'डंबर' मराठीत उपसर्गाविना सुखाने नांदतो. रायगडावरील सिंहासनाच्या मेघडंबरीत, म्हणजे वरच्या छत्रीत, तो आहे आणि तिथे निंदेचा लवलेश नाही. उपसर्गाचा हा तर्क शब्द कागदावर पाहून केलेला आहे, तोंडाने उच्चारून केलेला नाही.

माझे मत असे की मराठी कानाने हा शब्द ऐकला तो अवजड, अवघड, अवाढव्य, अवास्तव अशा शब्दांच्या शेजारी. यांतल्या प्रत्येकाची व्युत्पत्ती वेगळी असली तरी मराठी माणसाच्या कानाला 'अव' ऐकताच काहीतरी पेलवेनासे, मापाबाहेरचे जाणवते. 'आडंबर' म्हणताना जीभ त्या ओळखीच्या वाटेने गेली आणि शब्दाला आपोआप वजन आले. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. 'आडंबर' झटकन संपतो. 'अवडंबर' उच्चारताना तोंड आधी फुगते आणि मग ढोलावर थाप पडते. यावर उक्त शिक्षकांनी मला 'कानाला वाटणे म्हणजे व्युत्पत्ती नव्हे' असे सुनावले आहे. परंतु भाषा बोलणाऱ्यांनी शब्द कानांनीच घडवले आहेत, व्याकरण नंतर आले, आणि मी माझ्या मतावर कायम आहे.

अवडंबराचा एक जोडीदारही आहे, तो म्हणजे स्तोम. आपण अवडंबर माजवतो तसेच स्तोमही माजवतो. वेदात स्तोम म्हणजे स्तुतीचे गायन. सोमयागात त्रिवृत्, पंचदश, सप्तदश असे मोजून स्तोम गायले जात. म्हणजे मराठीने फाजील गाजावाजासाठी निवडलेल्या दोन शब्दांपैकी एक ढोल आहे आणि दुसरे गाणे. रॅपही याच दोहोंवर उभे आहे. १९७३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका मेजवानीत डीजे कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून फिरवत त्यातला फक्त ढोलाचा तुकडा लांबवत नेला आणि त्या तालावर पुढे बोल आले. आडंबराघात आधी, शब्द नंतर. यजुर्वेदातला तो जोड मला इथे पुन्हा भेटतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. 'प्रिटेन्शस' हे इंग्रजीत विशेषण आहे. ते कशालाही चिकटवून माणूस मोकळा होतो. मराठीत 'अवडंबर' हे नपुंसकलिंगी नाम आहे आणि त्याला षष्ठी लागते: कर्मकांडाचे अवडंबर, शिष्टाचाराचे अवडंबर, शब्दांचे अवडंबर. आरोप करणाऱ्याला 'कशाचे' हे सांगावेच लागते, आणि म्हणून कलाकृतीविषयीच्या वादात मला हा शब्द 'प्रिटेन्शस'पेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. 'अवडंबरी अल्बम' असे ओढूनताणून विशेषण करू नये. 'या अल्बमने अमक्याचे अवडंबर माजवले आहे' असे वाक्य करावे.

तेव्हा मित्राला विचारावे, कशाचे? १७ नोव्हेंबर २०२३ रोजी आलेल्या या अल्बममध्ये आठच रचना आहेत आणि त्या मिळून सुमारे ८७ मिनिटे चालतात. पहिल्याच रचनेचे नाव एक संपूर्ण वाक्य आहे: शपथेवर सांगतो, मला खरेच रॅप अल्बम करायचा होता, पण या खेपेस वाऱ्याने मला अक्षरशः इकडे आणले, अशा अर्थाचे. तुमचा मित्र शीर्षकांचे अवडंबर म्हणाला तर माझी हरकत नाही. बाणभट्टानेही मान डोलावली असती. लांबीचे म्हणाला तर १२ मिनिटे २० सेकंदांची ती पहिली रचना दोघांनी मिळून पुरती ऐकावी आणि मग ठरवावे. पण बासरीचे अवडंबर म्हणाला, तर ते मात्र मान्य करू नये. बासरी दोन गल्ल्या आधी ऐकू येत नाही, तिच्यासाठी वाजवणाऱ्याजवळ जाऊन उभे राहावे लागते.