‘रमली हो पोर!’

प्रश्न: ताई नमस्कार, हे कुणाशी बोलायचं कळत नाही म्हणून तुम्हाला लिहितेय. मी ४६ वर्षांची, डोंबिवलीला राहते. वडील लालबागला गिरणीत होते, १९८२ च्या संपात त्यांचं काम गेलं, मग आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जायला लागली आणि मला पाटणजवळ आजोळी ठेवलं. तेव्हा मी चार वर्षांची होते. मोठा भाऊ शाळेत होता म्हणून तो मुंबईतच राहिला. मला दुपारी झोपवलं आणि मी झोपेत असताना आई एसटीने गेली. उठले तर आजी म्हणाली दुकानात गेलीय, येईल आत्ता. ती आली थेट दिवाळीला. तिथे मी पाच वर्षं काढली. सगळे सांगतात की पहिले आठ दिवस उंबऱ्यात बसून होते, नंतर छान रमले.

आता प्रॉब्लेम असा की घरातलं कुणी पहाटे बाहेर जाणार असेल तर मला रात्रभर झोप लागत नाही. मिस्टरांची फर्स्ट शिफ्ट असते, मी दोन-तीनदा उठून दारातल्या चपला मोजते. मुलगी पुण्याला हॉस्टेलला गेली तेव्हा तिचा इतका राग आला की आठवडाभर धड बोलले नाही. मैत्रिणीने एका ऑनलाइन ‘इनर चाइल्ड हीलिंग’ वर्कशॉपला बसवलं. डोळे मिटून लहानपणीच्या स्वतःला भेटा म्हणाले, मी इतकी रडले की कॅमेरा बंद केला. शेवटी सांगितलं, आईला फोन करून मनातलं सगळं बोलून टाका. मी केला. आई ७४ ची आहे. ती म्हणाली, ‘अगं त्यात काय एवढं, तेव्हा सगळ्यांचीच पोरं गावाला होती,’ आणि फोन ठेवला. तीन आठवडे झाले, बोलणं नाही. हे इनर चाइल्ड वगैरे खरं असतं का, का मी उगाच जुनं उकरतेय?

उत्तर: तुला ‘तू’च म्हणते, चालेल ना? तुझं पत्र वाचताना मी त्या चपलांपाशी थांबले. चार वर्षांची पोर झोपली आणि तेवढ्यात आई गेली, म्हणजे झोपलं की माणूस जातं हे तिने तेव्हाच पक्कं करून टाकलं आणि ती अजून नाइट ड्यूटी करतेय बिचारी. तेव्हा उकरायचा प्रश्नच नाही गं, ते रोज रात्री वरच येऊन बसलेलं आहे.

दुसरं म्हणजे हे ‘रमली’. हा शब्द आपल्याकडे फार सहज वापरतात. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचे एक गृहस्थ होते, जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर काम करायचे, त्यांनी हॉस्पिटलमध्ये एकट्या ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. तेव्हा तिथे आईबापांना भेटायला फार कमी वेळ देत. मुलं आधी आकांत करायची, मग खचायची, आणि मग एक दिवस शांत व्हायची, कुणाच्याही हातून खायची, खेळायची, नर्स म्हणायच्या बघा रुळलं. आणि आई आली की तीच मुलं तोंड फिरवायची. १९५२ मध्ये रॉबर्टसननी आठ दिवस हॉस्पिटलात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर फिल्मच केली, डॉक्टर लोक चिडले होते त्यांच्यावर, पण १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीनेच शिफारस केली की आईबापांना मोकळेपणाने भेटू द्या. तर सांगायचं काय, गप्प झालेलं मूल दरवेळी रमलेलं असतंच असं नाही. कधीकधी त्याने वाट बघणं सोडून दिलेलं असतं. आता मुलगी हॉस्टेलला गेल्यावर तू आठवडाभर तोंड फिरवून बसलीस ना, ते कुठून आलं बघ. (दिवाळीला आई आली तेव्हा तू तिच्याकडे धावलीस का आजीच्या पदराआड गेलीस, हे विचारावंसं वाटतंय मला.)

इनर चाइल्ड खरं असतं का, तर आत कुणी वेगळं मूल बसलेलं नसतं, ती बोलायची एक पद्धत आहे. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या प्रत्येकात पालक, प्रौढ आणि बालक असे तिघं असतात अशी मांडणी केली, पुढे १९९० च्या आसपास जॉन ब्रॅडशॉने अमेरिकेत टीव्हीवरून आणि पुस्तकांतून हा ‘आतल्या मुला’चा विषय घरोघरी नेला, आणि आता रील्समधून आपल्याकडे पोचलाय. उपयोग होतो, मी स्वतः बघितलाय. माझा राग आहे तो दोन दिवसांत सगळं उघडून माणसाला तसंच घरी पाठवणाऱ्यांवर. गळू फोडलं आणि पट्टी बांधलीच नाही, असला प्रकार. आणि आईला फोन करायचा होमवर्क तर मला अजिबात पटलेला नाही, कारण त्याने त्या पोरीला परत उंबऱ्यातच बसवलं, आई काय म्हणते याची वाट बघत.

तिच्याकडे आता आईने नाही, तू जायचंय. दिवसा बस, डोळे उघडे ठेवलेस तरी चालेल, पाय जमिनीला टेकलेले असू देत. फोटो नसला तरी हरकत नाही, फ्रॉक आठवतोय का, उंबऱ्याचं लाकूड, आत चुलीचा धूर. आणि तू, आत्ताची ४६ वर्षांची, तिच्या शेजारी जाऊन टेक. सगळं छान होईल वगैरे तिला सांगू नकोस, तसलं तिने खूप ऐकलंय. खरं ते सांग: ‘आई दुकानात नाही गेली, मुंबईला गेलीय. दिवाळीला येणारे. ती गेली ती तू झोपलीस म्हणून नव्हे.’ माझं मत विचारशील तर आई गेली यापेक्षा ती डोळा चुकवून गेली हे जास्त लागलंय तुला. पोर जवळ आली तर घे, नाही आली तर ओढू नकोस. दहा मिनिटं बास, मग उठून भाजी निवड. लिहायला आवडत असेल तर ते कर, १९८६ मध्ये पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना रोज १५ मिनिटं असं चार दिवस मनातलं लिहायला लावलं होतं, लिहिल्यावर लगेच त्यांना जडच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. जादू नाहीये ही, पण फुकट आहे.

आणि एक काम मिस्टरांना सांग. झोपमोड होईल म्हणून हळूच जाऊ नका म्हणावं, खांद्याला हात लावून ‘येतो गं’ म्हणा आणि मगच निघा. आपल्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. तुला ते त्या दुपारी कुणी म्हटलंच नाही.

आईचं म्हणशील तर, पोर झोपेत टाकून एसटीत बसलेल्या बाईला ‘त्यात काय एवढं’ असं म्हटल्याशिवाय ती पाच वर्षं निघाली असती का? संप, खोलीचं भाडं, लाटणं, सगळं खरं, आणि तुझं उंबऱ्यातलं बसणंही खरं, एकाने दुसरं खोटं पडत नाही. आत्ता नुसता साधा फोन कर, गुडघे कसे आहेत विचार. पुढे कधी जमलं तर एवढंच विचार की त्या दिवशी एसटीत तिला खिडकी मिळाली होती का.

हे करताना झोप आणखी उडाली, सगळं सुन्न वाटायला लागलं किंवा जीव नकोसा झाला तर थांब आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठ. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: मुलगा २६ चा आहे, काउन्सेलिंगला जातो. म्हणतो, मार्कांवरून पट्ट्याने मारायचात, सॉरी म्हणा. आम्हीही बापाचा मार खाल्ला, त्यांच्या सायकलची घंटी वाजली की मी माळ्यावर लपायचो, पण आमचं काय बिघडलं? माफी मागितली तर बापाची काय किंमत राहील? (नाशिक)

उत्तर: किंमत वाढेल असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण मुलगा अजून मागतोय, म्हणजे त्याने तोंड फिरवलेलं नाही, हे पहिलं पत्र वाचलंत तर कळेल. माफी मागा, त्यात ‘पण’ घालू नका, ‘तुझ्या भल्यासाठी’ तर नकोच. आणि काय बिघडलं म्हणता, तर मी विचारलेलं नसताना ती घंटी तुम्हीच पत्रात लिहिलीत ना? त्याला सांगितलीय का कधी? सांगा, माळ्यावर किती वेळ बसायचात तेही सांगा. मग गप्प बसा, तो काय म्हणतो ते ऐका.